पुढे उभा राहणारा

मनमाड-काचीगुडा लोहमार्गावरच्या उमरीचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते बहुधा बँकेमुळे. ३० जानेवारी १९४८ रोजी हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांनी उमरीची बँक लुटून तो पैसा लढ्याकडे वळवला, आणि त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. एवढ्या मोठ्या बातमीखाली उमरीची बातमी दबून जायची ती गेलीच. याच तालुक्यातल्या गोरटे गावाची ओळख मात्र निराळी आहे. संतकवी आणि कीर्तनकार दासगणू महाराज यांचे उत्तरायुष्य नांदेड-गोरटे परिसराशी बांधले गेले आणि त्यांचे समाधिस्थानही गोरट्यालाच आहे. 'गजानन विजय' घरोघर वाचला जातो, पण तो रचणारा माणूस नारदाच्या गादीवर उभा राहून आयुष्यभर कीर्तन करत होता, याची आठवण वाचणाऱ्यांपैकी थोड्यांनाच असते. बँकेवरच्या धाडीचे स्मारक होणे स्वाभाविक आहे. कीर्तन हवेत विरून जाते. पण उपासनेत लोकांपुढे उभे राहून गाणे चालवणे हे काम आहे, कला आहे, की देवाने नेमून दिलेली सेवा, हा प्रश्न ज्याला पडला असेल त्याने उमरीच्या बँकेपेक्षा गोरट्याकडे वळावे.

हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीत फार स्पष्टपणे विचारला जातो. चर्चमधले गायनमंडळ चालवणाऱ्याला पाचारण असावे लागते, नुसता गळा चालत नाही, असे तिथे मानतात. पाळकाला जसे पाचारण, तसेच गाणे चालवणाऱ्यालाही. हिंदू कीर्तनपरंपरेत असा प्रश्न कुणी समोर बसवून विचारत नाही, तरी गुरूची आज्ञा, दृष्टान्त, नवस या रूपांनी उत्तर मात्र अपेक्षित असते. दोन्हीकडे एक समजूत समान आहे: पाचारण ही त्या माणसाच्या आत घडणारी, फक्त त्याला कळणारी गोष्ट आहे. मला ही समजूत अपुरी वाटते. मराठी मुलखातला इतिहास पाहिला तर असे दिसते की, गाणे चालवणाऱ्याचे पाचारण त्याच्या अंतःकरणात काय आले यावरून ओळखले गेले नाही; त्याच्या हातून काय सुटले यावरून ओळखले गेले. आधी पोशाख आणि मान, मग कुठे कुठे पैसा, आणि शेवटी ते गाणेसुद्धा. मागे उभे असलेले लोक ज्याचे गाणे स्वतःचे म्हणून गाऊ लागतात, तो खरा पुढे उभा राहणारा. सुटत नाही ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे त्याचा मूळचा कसब. पाचारण येते म्हणून कसब टाकून द्यावा लागत नाही.

दासगणूंचे उदाहरण याबाबतीत फार बोलके आहे. गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे यांचा जन्म १८६८ साली नगर जिल्ह्यातल्या अकोळनेरचा. नोकरी पोलिसातली, आणि नाद लावण्यांचा. तमाशाच्या फडासाठी लावण्या रचणारा हा पोलीस पुढे संतचरित्रे लिहील असे त्यांच्या वरिष्ठांना नक्कीच वाटले नसेल. नानासाहेब चांदोरकरांबरोबर ते शिर्डीला गेले, साईबाबांच्या सांगण्यावरून संतचरित्रांकडे वळले, यथावकाश नोकरी सोडली आणि कीर्तनाला उभे राहिले. इथवरची हकिकत कुठल्याही भक्तचरित्रात शोभेल अशीच आहे. महत्त्वाचा प्रसंग पुढचा, आणि तो 'श्री साईसच्चरिता'त आला आहे. शिर्डीत कीर्तनाला निघताना दासगणूंनी कीर्तनकाराचा रीतसर पोशाख केला होता: लांब अंगरखा, उपरणे, डोक्याला फेटा. बाबांनी त्यांची नवरदेव म्हणून थट्टा केली आणि हे सगळे अंगावर कशाला, असे विचारले. दासगणूंनी तिथल्या तिथे ते कपडे उतरवले. त्यानंतर ते कमरेच्या वर उघड्या अंगाने, गळ्यात हार आणि हातात चिपळ्या घेऊन कीर्तन करत राहिले. या प्रसंगाकडे बहुतेक जण गुरुभक्तीचा दाखला म्हणून पाहतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. बाबांनी फेटा उतरवायला सांगितला, लावणीतून आलेली रचनेची सफाई उतरवायला सांगितली नाही. 'भक्तलीलामृत' (१९०६), 'संतकथामृत' (१९०८), 'साईनाथ स्तवनमंजरी' (१९१८) आणि 'गजानन विजय' (१९३९) या ग्रंथांतली ओवी सहज वाहते, प्रसंग नाट्यमय उभा राहतो, संवाद ताडकन येतो, याचे श्रेय फडावर तयार झालेल्या कानाला द्यायला हरकत नसावी. श्रोता कधी चुळबुळ करतो हे तमाशासाठी लिहिणाऱ्याइतके कुणाला कळत असेल?

अगदी असेच जगाच्या दुसऱ्या टोकाला घडले आहे. ज्याला आज गॉस्पेल संगीत म्हणतात त्याला आकार देणारा टॉमस डॉर्सी हा शिकागोतला कृष्णवर्णीय पियानोवादक 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूज गात असे, आणि त्याची गाजलेली गाणी चर्चच्या दारातही न यावीत अशी चावट होती. त्याने ब्लूजचे स्वर उपासनेत आणले तेव्हा युरोपीय वळणाची गीते म्हणणाऱ्या प्रतिष्ठित मंडळ्यांनी त्याला दारातूनच परतवले. तरी १९३२ मध्ये शिकागोच्या पिल्ग्रिम बॅप्टिस्ट चर्चने गायनमंडळ त्याच्या हाती दिले, आणि ते त्याने अनेक दशके चालवले. पुढच्याच वर्षी गॉस्पेल गायनमंडळांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिच्या उभारणीतही तो होता. दासगणू आणि डॉर्सी यांनी एकमेकांचे नावही ऐकले नसणार. पण दोघांच्या बाबतीत एक गोष्ट सारखी घडली: बाजारातला कसब देवळात आला आणि देऊळ बाटले नाही.

मराठी ख्रिस्ती मंडळीला हे कळायला मात्र वेळ लागला. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला त्यांनी ठाणे मांडले. हेन्री बॅलंटाइनसारख्या मिशनऱ्यांनी मनापासून मराठी गीते तयार केली, पण चाली आणि छंद बहुतेक पश्चिमेचे. मराठी पद्याचा हिशोब ऱ्हस्वदीर्घाचा, इंग्रजी चालीचा हिशोब ठोक्याचा. 'कृपा' शब्दातला ऱ्हस्व 'कृ' ठोक्याखाली सापडला की ताणला जातो आणि दीर्घ 'पा' घाईघाईने उरकावा लागतो. अर्थ कळतो, पण जिभेला ते आपले वाटत नाही. नगर भागातल्या नव्या ख्रिस्ती मंडळीत महार आणि मांग समाजातले लोक मोठ्या संख्येने होते. गाणे-वाजवणे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्याचे. अशा माणसांच्या हाती ऑर्गनच्या सुरावर बेतलेले गीतपुस्तक देणे म्हणजे पोहणाऱ्याला दोरीने किनाऱ्याशी बांधून ठेवण्यासारखे होते. यावरचा उपाय मिशनच्या कचेरीत सापडला नाही, तो मंडळीतूनच आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी बायबलातल्या कथांवर कीर्तने रचली आणि केली. कीर्तनकार पुढे, साथीदार मागे, मध्ये आख्यान आणि पदे. सारा साचा ओळखीचा, कथा नवी. गावातल्या ज्या माणसाने कधी चर्चमध्ये पाऊल टाकले नसते तो रात्री झाडाखाली बसून ते ऐके. त्यानंतर आले नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढची बावीस वर्षे ते बहुतांशी नगरच्या मिशनमध्ये होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते उघड सांगत. त्यांनी उपासनेसाठी अभंग, पदे, ओव्या यांचा जो ओघ सुरू केला त्यामुळे मराठी मंडळीच्या गीतसंग्रहाचे रूपच पालटले. आजही रविवारी म्हटल्या जाणाऱ्या गीतांत त्यांचा वाटा फार मोठा आहे. टिळकांचे कवित्व हे नाशिक-नागपूरच्या त्यांच्या पूर्वायुष्यातले. बाप्तिस्म्याच्या पाण्यात ते वाहून गेले नाही.

आता एक योगायोग पाहण्यासारखा आहे. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडली, भगवे वस्त्र पत्करले आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या सर्व ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. त्याच १९१७ मध्ये विष्णुबुवा जोगांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. एकीकडे संस्थेतून बाहेर पडणारा कवी, दुसरीकडे कीर्तनाला संस्था देणारा कीर्तनकार. टिळकांचा दरबार त्यांच्या मागे टिकला नाही. ९ मे १९१९ रोजी ते गेले आणि तो विखुरला. जोगांची संस्था शतक ओलांडून चालू आहे आणि मराठवाड्यातल्या सप्ताहांत उभे राहणारे कितीतरी कीर्तनकार तिथे शिकलेले असतात. यावरून कुणी म्हणेल की पाचारणाला संस्थेचा टेकू लागतो, एरवी ते माणसाबरोबर संपते. पण टिळकांचा दरबार संपला तरी टिळकांची गीते संपली नाहीत. त्यांना टिकवायला दरबार लागला नाही, गाणारी मंडळी पुरली.

पैशाचा आक्षेप याहून अवघड आहे. कीर्तनाच्या जागी अन्नसुद्धा घेऊ नये असे तुकोबांनी बजावले, आणि त्यामुळे बिदागी न घेणारा तो खरा अशी एक सोपी कसोटी मराठी मनात बसली आहे. आजच्या नामवंत कीर्तनकारांच्या बिदागीचे आकडे चघळताना हीच कसोटी वापरली जाते. पण ती नीट लावून पाहिली तर टिकत नाही. उमरीपासून फार लांब नसलेल्या नांदेडच्या हजूर साहिबात रागी जथे शबद-कीर्तन करतात. ते गुरुद्वाऱ्याच्या सेवेत असतात, त्यांची सोय तिथून होते, आणि त्यांच्या गाण्याला कुणी भाडोत्री म्हणत नाही. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत; म्हणजे हिंगोलीजवळच्या नरसीच्या नामदेवांचे शब्द त्यांच्याच गोदाखोऱ्यात रागींच्या गळ्यातून ऐकू येतात. गोव्यात पोर्तुगीज काळापासून प्रत्येक चर्चच्या शाळेत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवणारा मेस्त्री असे. रविवारचे गायन त्याच्याच हाती आणि त्याचा निर्वाह चर्चवर. गोव्याच्या संगीतातली कितीतरी नामवंत घराणी या पोटार्थी माणसांनी घडवली. उलट ज्यांनी बिदागी नाकारली त्यांच्या मागे काही आधार होता हेही मान्य करायला हवे. दासगणूंना आठवले कुटुंबाचे घर होते; टिळकांना मित्र होते आणि लक्ष्मीबाईंसारखी, काटकसरीत मुरलेली गृहिणी होती. ज्याच्या घरात चूल पेटायची भ्रांत आहे त्याने बिदागी घेतली म्हणून त्याचे पाचारण खोटे ठरवणे म्हणजे भरल्या पोटी न्याय करणे झाले. गाडगे महाराजांनी हा पेच वेगळ्याच तऱ्हेने सोडवला. कीर्तनात ते पैसा मागत, भरपूर मागत, आणि त्यातून धर्मशाळा बांधत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. तेव्हा प्रश्न पैसा घेतला की नाही हा नाहीच. तो हातात थांबला की पुढे गेला, हे पाहावे लागते, आणि ते पाहायला बिदागीच्या आकड्यापेक्षा जास्त माहिती लागते. लोक आकडाच पाहतात, कारण तो पाहणे सोपे असते.

दुसरा आक्षेप जातीचा आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही. सहस्रबुद्धे ब्राह्मण, टिळक ब्राह्मण, जोग ब्राह्मण. ज्यांना मान मिळत होता त्यांनीच मान सोडला की त्याला त्याग म्हणायचे, आणि ज्यांना गादीवर उभेच राहू दिले नाही त्यांच्या हातून काय सुटणार? चोखोबांना तर पंढरीच्या देवळात पाऊलही टाकू दिले नाही. हा आक्षेप मान्य केला तर माझ्या मांडणीचे एक टोक सैल होते, आणि ते सैल होणे योग्यच आहे. पण दुसरे टोक त्याने घट्टही होते. सांगळ्यांची कीर्तने, सत्यशोधकांचे जलसे, पुढे आंबेडकरी जलसे आणि वामनदादा कर्डकांची गाणी यांचा इतिहास पाहावा. ज्यांना गादी मिळाली नाही त्यांनी चौक घेतला, ट्रकची फळी घेतली, झाडाखालची जागा घेतली. फेटा उतरवायला त्यांच्या डोक्यावर फेटाच नव्हता. त्यांच्याकडून सुटले ते गाणे. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात भीमजयंतीच्या मिरवणुकीत कर्डकांची गाणी म्हणणाऱ्या दहा पोरांपैकी निम्म्यांना ती कुणाची आहेत हे माहीत नसते, पण शब्द सगळ्यांना तोंडपाठ असतात. माझी शेवटची कसोटी हीच आहे, आणि ती जातीने दिलेल्या मानावर अवलंबून नाही.

तिसरा आक्षेप तांत्रिक वाटेल, पण संगीताच्या जाणकाराच्या मनात तो येणारच. गायनमंडळ म्हणजे अनेक गळ्यांचे एक गाणे. कीर्तन म्हणजे एका माणसाचे बोलणे. मग दोघांची तुलना कशी? नारदीय कीर्तनापुरता हा आक्षेप बराच खरा आहे. तिथे पूर्वरंग असो की उत्तररंग, बुवा एकटाच किल्ला लढवतो आणि पेटी-तबला त्याची पाठराखण करतात. वारकरी कीर्तनात मात्र चित्र बदलते. बुवाच्या मागे टाळकऱ्यांची रांग असते, बाजूला विणेकरी, मृदंगाला मृदंगमणी. अभंगाचे चरण बुवाने सोडले की धृपद टाळकरी धरतात, चढवतात, दुगुनीत नेतात, आणि तेवढा वेळ बुवा गप्प असतो. तो गप्प राहतो हेच त्याचे चालवणे. चांगल्या बुवाला धृपद कुठे सोडावे हे कळते. ज्याला कळत नाही तो टाळकऱ्यांच्या वरून ओरडत राहतो. गाडगे महाराजांच्या कीर्तनात तर मागे कुणी नसले तरी समोरचे हजारो लोक होते. ते प्रश्न विचारत, लोक उत्तर देत, आणि पुन्हा सगळे मिळून भजन. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये पाळकाच्या प्रत्येक वाक्याला मंडळी प्रतिसाद देते असे वर्णन वाचले की मला त्यांचीच आठवण होते. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्र्याला त्यांचे शेवटचे कीर्तन झाले, तिथे जमलेले लोक श्रोते होते की गायक, हे ठरवणे कठीणच.

आणि दासगणूंचा एकट्याचा आवाजही अखेर एकट्याचा राहिला नाही. १९६२ मध्ये ते गेले. त्यांच्या आख्यानांची परंपरा अनंतराव आठवल्यांनी, म्हणजे पुढच्या स्वामी वरदानंद भारतींनी, चालवली. ते पुण्यात आयुर्वेदाचे अध्यापक होते आणि कीर्तनकारही. पण त्यांच्याहून मोठी परंपरा शेगावच्या गजानन महाराजांच्या भक्तांनी न ठरवता चालवली. 'गजानन विजया'चे पारायण करणाऱ्या स्त्री-पुरुषांना कुणी गादीवर बसवलेले नाही, चिपळ्या त्यांच्या हाती नाहीत. घरातल्या पाटावर पोथी ठेवून, कामावर जाण्याआधी अध्याय संपवण्याच्या घाईत, त्या ओव्या स्वतःच्या चालीत म्हटल्या जातात. कीर्तनकाराचा ठेका, थांबे, चढ-उतार सगळे गेले. शुद्धतावाद्याला याचे वाईट वाटेल. दासगणूंना वाटले असते का, याबद्दल मला शंका आहे.

टिळकांच्या बाबतीत ही गोष्ट आणखी उघड्यावर घडली. ख्रिस्ताचे ओवीबद्ध चरित्र 'ख्रिस्तायन' त्यांनी हाती घेतले आणि पहिले काही अध्याय होताच ते गेले. ज्या लक्ष्मीबाईंना लग्नानंतर अक्षरओळखीपासून शिकावे लागले, ज्यांनी नवऱ्याच्या धर्मांतरानंतर कितीतरी दिवस त्याच्यापासून दूर राहून रडत काढले, त्यांनी ते काम उचलले आणि साठाहून अधिक अध्याय लिहिले. त्या १९३६ मध्ये गेल्या. शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त याने पुरा केला आणि १९३८ मध्ये ग्रंथ छापून झाला. आईच्या ओव्या कुठे सुरू होतात आणि वडिलांच्या कुठे संपतात, हे अध्यायाचा आकडा पाहिल्याशिवाय सांगणे अनेक वाचकांना जमत नाही.